डिप्रेशनची पहिली गोळी घेण्याआधी: कोणत्या तपासण्या, कधी आणि कशासाठी

डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली की घरात पहिला प्रश्न निघतो, "रक्त-बिक्त काय तपासलंच नाही, डायरेक्ट गोळी कशी सुरू केली?" प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या घरात याच्या उलट चाललेलं असतं. हजारो रुपयांचं 'फुल बॉडी' पॅकेज केलेलं असतं, सगळे आकडे नॉर्मल आलेले असतात आणि मग घरचे म्हणतात, "रिपोर्ट सगळं नॉर्मल हाय, म्हणजे ह्याला झालेलं काय नाही. नुसतं टेन्शन घेतोय." तो माणूस उपचाराविना तसाच राहतो.

मी कोल्हापुरात लॅबमध्ये काम करतो. ही दोन्ही वाक्यं काउंटरवर कायम कानावर पडतात आणि दुसरं ऐकताना जास्त वाईट वाटतं. ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरच्यांवर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर बसताना काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि रक्त देताना कुठे चुकतं, हे आधी माहीत असलं तर फरक पडतो.

माझं मत आधीच सांगतो. थोड्या, निवडून केलेल्या तपासण्या पहिल्या गोळीच्या आधी, निदान त्याच दिवशी व्हाव्यात. मात्र त्या तपासण्यांसाठी उपचार अडवून धरू नयेत.

रक्त काय सांगतं आणि काय सांगत नाही

डिप्रेशन रक्तात सापडत नाही. त्याचा आकडा देणारी तपासणी अजून कुठल्याच लॅबमध्ये नाही. ते निदान बोलण्यातून होतं: दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. डॉक्टर कधी कधी पीएचक्यू-9 नावाची प्रश्नावली भरून घेतात. त्यात नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट बसून तपासणं गरजेचं असतं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो लाजेपोटी कोरा सोडू नका किंवा खोटा भरू नका.

रक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं: डिप्रेशनसारखाच दिसणारा दुसरा कुठला आजार तर नाही ना? आणि जी गोळी द्यायची आहे ती या शरीराला चालेल ना? तपासणी या दोनच कामांसाठी करायची, हे डोक्यात पक्कं असलं की कोणतं बिल भरायचं आणि कोणतं नाही हे बरंचसं आपोआप ठरतं.

निघण्याआधी घरी

एक पिशवी घ्या आणि घरात त्या माणसाच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या तीत टाका. बीपीची, शुगरची, ॲसिडिटीची, केस गळतात म्हणून घेतलेली, शेजारणीने सांगितलेली, आयुर्वेदिक चूर्णाचा डबासुद्धा. चिठ्ठी हरवलेली असते, नावं आठवत नाहीत, पण पट्टी खोटं बोलत नाही.

या पिशवीला मी कुठल्याही रिपोर्टइतकंच महत्त्व देतो, कारण काही औषधांमुळेच मन खचू शकतं. अर्धशिशीसाठी सर्रास दिली जाणारी फ्लुनारिझिन त्यातलीच. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारासाठी चालू असलेले स्टेरॉईड, फिटसाठीचं लेव्हेटिरॅसेटम, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठीचं सायक्लोसेरिन यांनीही मूड बिघडू शकतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुलामुलींनी तर ते आवर्जून सांगावं. यातलं काही आपल्या मनाने बंद करू नका. फिटची गोळी किंवा स्टेरॉईड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. फक्त दाखवा आणि विचारा, "ह्याच्यामुळं असेल का?"

दारूचंही खरं सांगा. रोज पिणाऱ्या माणसाचं उदासपण काही वेळा दारू सुटल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरंच उतरतं. हे लपवलं तर डॉक्टर वेगळ्याच आजारावर औषध देत बसतात. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात ती बंद करू नये. हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असा धोका असतो. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

शिवाय एका कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून, वजन वाढलं की घटलं, पाळी कशी आहे, बाळंतपण नुकतं झालंय का, घोरणं आणि दिवसा पेंगणं आहे का, घरात कुणाला थायरॉईड किंवा मानसिक आजार होता का.

जायचं कुठे

पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तरी चालतं. थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं तर राजारामपुरी, शाहूपुरी भागात खासगी दवाखाने आहेत. खर्च परवडत नसेल तर दसरा चौकाजवळचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं असल्याने केस पेपर काढला की मानसोपचार ओपीडी, रक्ततपासणी आणि ईसीजी एकाच ठिकाणी होतं. ओपीडी सकाळची असते, गर्दी असते, तेव्हा गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीकडून येणाऱ्यांनी पहिली एसटी धरावी. मानसोपचार विभाग नेमका कुठे बसतो ते केस पेपरच्या खिडकीवरच विचारून घ्या.

सोबत घरचं एक माणूस न्या. पण डॉक्टरांकडे दहा मिनिटं एकट्याने बोलायला मिळावीत असंही सांगा. सासूसमोर सून किंवा वडिलांसमोर मुलगा सगळं बोलेल असं होत नाही.

कोणत्या तपासण्या मागायच्या

सगळ्यांसाठी एकच ठरलेली यादी नाही. आधी डॉक्टरांनी नाडी, बीपी, वजन बघावं, डोळ्याची पापणी खाली ओढून पांढरेपणा बघावा, गळ्यावर हात फिरवून थायरॉईडची गाठ चाचपावी. यात काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं. पण पहिल्यांदाच त्रास सुरू झालेल्या माणसात साधारण एवढं तपासून घेणं मला योग्य वाटतं.

टीएसएच, म्हणजे थायरॉईड. थायरॉईड कमी पडलं की सुस्ती, वजनवाढ, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, केस गळणं, पाळीला जास्त रक्त जाणं आणि सोबत उदासपण येतं. ते जास्त झालं की उलट: छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं, जीव घाबरतो आणि सगळे म्हणतात 'टेन्शन आहे'. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईड बिघडण्याची शक्यता वाढते, त्यामुळे बाळंतिणीच्या उदासपणात ही तपासणी चुकवू नये.

सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी. पाळीला खूप रक्त जाणाऱ्या बायकांमध्ये याच्या जोडीला फेरिटिन केलं तर शरीरातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन अजून घसरलेलं नसतानाही साठा संपत आलेला असू शकतो. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, हेही लक्षात ठेवा.

बी-12. यावर जरा थांबतो. "आम्ही मटण खातो, आमचं बी-12 कसं कमी येईल?" असं कोल्हापुरात हमखास ऐकायला मिळतं. मटण रविवारी, बाकी दिवस वार पाळलेले. घरातल्या माळकरी आजी तर त्याला शिवतही नाहीत. आणि खाऊनही ते अंगी लागेल असं नाही: शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये आणि ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी कायम चालू असणाऱ्यांमध्ये बी-12 कमी होऊ शकतं. तळपायाची आग, मुंग्या, जीभ सोलवटल्यासारखी होणं, विसरभोळेपणा या खुणा सोबत असतील तर ही तपासणी आधी करा.

शुगर, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हरची तपासणी: यातलं काय हवं ते वय, आजार आणि निवडलेली गोळी यावर ठरतं. ड्युलॉक्सेटिन द्यायची असेल तर लिव्हर बघणं शहाणपणाचं. मूल होण्याच्या वयातल्या बाईची पाळी चुकली असेल तर गर्भ आहे का ते आधी बघावं, कारण गोळीची निवडच बदलू शकते. व्हिटॅमिन डी आपल्याकडे पुष्कळांचं कमी येतं. कमी आलं तर भरून काढा, पण डिप्रेशनचं खापर एकट्या त्याच्यावर फोडू नका.

आणखी दोन तपासण्या अशा आहेत ज्या खास गोळीसाठी करायच्या, पण नेमक्या त्याच राहून जातात.

पहिली सोडियम. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, फ्लुऑक्सेटिन या गटातल्या गोळ्यांनी, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसांत, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. या गोळ्या बहुधा बीपीच्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत मिसळलेल्या असतात, त्यामुळे घरच्यांना त्या चालू आहेत हे माहीतच नसतं. सोडियम साधारण 135 ते 145 मध्ये असावं. गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा बघावं. या काळात आजोबा अचानक बरळायला लागले, तोल जायला लागला, गुंगीत राहायला लागले तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी सोडियम तपासा.

दुसरा ईसीजी. सिटॅलोप्राम आणि एस्सिटॅलोप्राम हृदयाच्या ठोक्यांमधलं क्यूटी नावाचं अंतर वाढवू शकतात, आणि डोस वाढेल तसा हा परिणाम वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये सिटॅलोप्रामचा डोस 40 मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये असा इशारा दिला. 60 वर्षांच्या पुढच्यांसाठी ही मर्यादा 20 मिलिग्रॅमची आहे. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनाही हृदयाचा विचार करावा लागतो. धडधाकट पंचविशीच्या मुलाला ईसीजी लागेलच असं नाही. पण हृदयविकार, चक्कर येऊन पडण्याचा इतिहास, घरात तरुणपणी अचानक झालेला मृत्यू किंवा ठोक्यांवर परिणाम करणारी दुसरी औषधं असतील तर ईसीजी मागून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

रक्त देताना

चांगली तपासणी वाया जाते ती इथे. बी-12 तपासायचं असेल तर इंजेक्शन किंवा गोळी घेण्याआधी रक्त द्या. अशक्तपणा म्हणून आधी लाल इंजेक्शनं टोचून घेतात आणि मग रिपोर्ट करायला येतात. आकडा भरपूर येतो आणि मूळ कमतरता होती की नव्हती ते कधीच कळत नाही. घेतलंच असेल तर निदान काउंटरवर आणि डॉक्टरांना सांगा.

केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं. जास्त डोसचं बायोटिन पोटात असेल तर काही यंत्रांवर थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवा. थायरॉईडची गोळी आधीपासून चालू असणाऱ्यांनी सकाळी रक्त देऊन मग गोळी घ्यावी.

उपाशीपोटी यायचं ते मुख्यतः फास्टिंग शुगरसाठी. टीएसएच, सीबीसी, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) यांना उपाशी राहायची सक्ती नाही. आधीच खचलेल्या, जेवण सुटलेल्या माणसाला विनाकारण अकरा वाजेपर्यंत उपाशी रांगेत उभं करू नका.

जे करायची गरज नाही

मेंदूचा सीटी किंवा एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. साठीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झाला आणि सोबत विसरणं वाढलं, फिट आली, एका बाजूची ताकद गेली, डोक्याला मार लागला होता किंवा डोकेदुखी नवीनच आणि वाढत जाणारी आहे, अशा वेळी डॉक्टर तो सांगतील. सेरोटोनिन हे मूडशी जोडलेलं रसायन रक्तात मोजून डिप्रेशन कळत नाही, त्यावर पैसे घालू नका. कोणती गोळी लागू पडेल हे सांगणाऱ्या जनुकीय तपासण्याही विकल्या जातात. पहिल्या गोळीसाठी त्यांची गरज पडत नाही. आणि साठ-सत्तर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एखादा आकडा रेषेच्या जरा बाहेर निघतोच. मग माणूस त्याच्या मागे धावत राहतो आणि मूळ दुखणं बाजूला पडतं. मी लॅबवाला असूनही हे सांगतोय.

रक्तात नसलेला, पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

पूर्वी कधी सलग चार-पाच दिवस असे गेले का, की झोप दोन-तीन तासच होऊनही थकवा नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, पैसा उधळला, डोक्यात मोठमोठे बेत, चिडचिड किंवा वागणं आपलं नेहमीचं नव्हतं? हे असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला, उन्मादात जाऊ शकतो. ते दिवस त्या माणसाला स्वतःला 'चांगले दिवस' म्हणूनच आठवतात. म्हणून हे घरच्यांनी सांगायचं. डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगायचं.

कधी थांबायचं नाही

मरणाचे विचार येतायत, खाणंपिणं बंद झालंय, कानात आवाज येतायत, किंवा बाळंतीण बाळाकडे बघतही नाही, अशा वेळी "रिपोर्ट येऊ देत", "ऊस तुटून जाऊ दे, मग बघू" हे बोलायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त तेव्हाच काढता येतं आणि उपचारही तेव्हाच सुरू करता येतात. रात्री-अपरात्री टेली-मानसला 14416 वर फोन करा. हा सरकारी क्रमांक 24 तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर 108. घरातली कीटकनाशकं, तणनाशकं, जास्तीच्या गोळ्या कुलपात टाका. पोलीस केसच्या भीतीने माणसाला घरी ठेवू नका: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं ठरवलं आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर

टीएसएच 40 आला, म्हणजे थायरॉईड खूपच कमी पडतंय, तर थायरॉईडचा उपचार आधी, आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मनाच्या गोळीचं काय, ते डिप्रेशन किती खोल आहे त्यावर ठरतं. दोन्ही एकत्रही चालतात. टीएसएच 5.5 आला तर मात्र "सापडलं! थायरॉईडच होतं" म्हणून मनाचा उपचार सोडून देऊ नका. एवढी किंचित वाढ पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी परत तपासली की आपोआप खाली आलेली दिसते, आणि गंभीर डिप्रेशनचं कारण ती क्वचितच असते. बी-12, लोह यांचंही तेच. भरून काढा आणि मनाकडेही बघा.

सगळं नॉर्मल आलं तर त्याचा अर्थ इतकाच, की दुसरं कारण सापडलं नाही आणि औषधाला वाट मोकळी आहे. नॉर्मल रिपोर्ट दाखवून त्या माणसाला "आता तरी ऊठ" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. सौम्य त्रासात गोळीविना समुपदेशनानेही भागू शकतं. तो पर्याय विचारून घ्या.

गोळी सुरू झाल्यावर

पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, बेचैनी होऊ शकते. बहुतेकदा ती ओसरते. मनावरचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. तिसऱ्याच दिवशी "काय फरक नाही" म्हणून पट्टी कपाटात टाकू नका. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे बारीक लक्ष ठेवा. या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, आणि तसा इशारा औषधावरच छापावा असं अमेरिकेत मुलांसाठी 2004 मध्ये आणि 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी 2007 मध्ये ठरलं.

दुखण्यासाठी ट्रामाडॉल किंवा टीबीसाठी लायनेझोलिड चालू होणार असेल तर त्या डॉक्टरांना ही गोळी सांगा. दोन्ही मिळून सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर घेऊ नका. खर्चाचा ताण असेल तर डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहून मागा. जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या स्वस्त मिळतात.

बरं वाटायला लागलं की गोळी सोडायचा मोह होतो. पहिल्याच वेळचं डिप्रेशन असेल तरी बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करतात. एकदम बंद केली की चक्कर, झोप उडणं, अंगात विजेचे झटके बसल्यासारखं होणं असा त्रास होतो आणि तो आजार परतल्यासारखाच भासतो. म्हणून पट्टीत आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची घेऊन ठेवा. लग्नाला, यात्रेला, महिनाभर गावाकडे जाणार असाल तर जास्तीची, आणि जुने रिपोर्ट, ईसीजी, चिठ्ठ्या एका फाईलमध्ये सोबत.